दृष्टांत कोठवर न्यावा

न्यायशास्त्राच्या अध्ययनास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला गवयाची कथा हटकून ऐकावी लागते. ज्याने गवय कधी पाहिलेला नाही अशा एका नगरवासीयाला कोणी अरण्यवासी सांगतो की, गवय गायीसारखा असतो. पुढे तो नगरवासी रानातून जात असता गायीसारखे, परंतु गाय नसलेले, एक जनावर त्याच्या दृष्टीस पडते, पूर्वी ऐकलेले वाक्य त्याला आठवते, आणि ज्याला गवय म्हणतात तो हाच, असे ज्ञान त्याला होते. या ज्ञानाच्या साधनास नैयायिकांनी उपमान असे नाव दिले आणि प्रत्यक्ष, अनुमान व शब्द यांच्या पंक्तीस त्याला बसवले. कथा लहान आहे. परंतु ज्यांनी साम्याला प्रमाणाचा दर्जा दिला त्यांनी त्याच्याकडून मागितले किती थोडे, हे तीत पाहण्यासारखे आहे. या जनावराचे नाव काय, एवढाच फैसला त्यांनी उपमानाकडे सोपवला. गवय गायीसारखा दिसतो म्हणून तो दावणीला मुकाट उभा राहील, किंवा त्याची मादी सकाळ-संध्याकाळ चरवीभर दूध देईल, असे काही उपमानाच्या बळावर ठरवावे, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. वैशेषिकांना आणि बौद्धांना तर एवढा मानही अधिक वाटला व त्यांनी उपमानास स्वतंत्र प्रमाण मानण्याचेच नाकारले.

याहून अधिक बोलके आहे ते न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायातील प्रकरण. तेथे वादात दिल्या जाणाऱ्या चोवीस फसव्या उत्तरांची ‘जाती’ या नावाखाली गणना केलेली आहे, आणि तिच्या अग्रभागीच साधर्म्यसम व वैधर्म्यसम, म्हणजे नुसत्या सारखेपणावर किंवा नुसत्या वेगळेपणावर उभारलेले आक्षेप, येतात. शब्द उत्पन्न होतो म्हणून तो घटाप्रमाणे अनित्य आहे, असे एकाने प्रतिपादन केले की दुसरा विचारतो, शब्द आकाशाप्रमाणे अमूर्त आहे, मग तो आकाशाप्रमाणे नित्य का मानू नये? ऐकणाऱ्याला दोन्ही बाजू तुल्यबळ भासतात. वास्तविक त्या तशा नाहीत. कारण उत्पन्न होणे आणि नाश पावणे यांचा संबंध दाखवता येतो, अमूर्त असणे आणि अविनाशी असणे यांचा तसा दाखवता येत नाही. सुख आणि दुःख ही दोन्ही अमूर्तच आहेत, पण ती कोणाच्या घरी कायमची मुक्कामास राहिली आहेत?

तथापि प्रस्तुत लेख नैयायिकांसाठी नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडणारे सभासद, वर्तमानपत्रास पत्र धाडणारे नागरिक, वर्गात विज्ञान शिकवणारे शिक्षक, वक्तृत्वाच्या स्पर्धेस उभे राहणारे विद्यार्थी, अशा ज्या मंडळींना ‘हे त्याच्यासारखेच आहे’ असे म्हणून काही सिद्ध करावे लागते, किंवा दुसऱ्याने तसे सिद्ध केलेले मुकाट्याने ऐकून घ्यावे लागते, त्यांच्या हाती काही उपयोगी पडेल असे द्यावे, एवढाच हेतू आहे. अडचण अशी की, शाळेत आपणांस साम्य शिकवले जाते ते अलंकार म्हणून. उपमेय कोणते, उपमान कोणते, साधारण धर्म कोणता आणि साम्यवाचक शब्द कोणता, एवढे सांगता आले की गुण पदरात पडतात. परंतु काव्यात जी उपमा मनास आल्हाद देते म्हणून उत्तम ठरते, तीच युक्तिवादात साक्षीदार म्हणून उभी राहिली तर तिची उलटतपासणी कशी घ्यावी, हे कोणी सांगत नाही. परिणामी आपण आयुष्यभर दृष्टांत ऐकून माना डोलावतो, आणि मान डोलावली म्हणजे मुद्दा पटला असे समजतो.

पहिली गोष्ट ही की, दोन वस्तू एकमेकींशी किती बाबतींत जुळतात याची मोजदाद हा दृष्टांताच्या बलाबलाचा खरा हिशेब नव्हे. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो, जसे स्वयंपाकघरात, हे शास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घ्या. पर्वत आणि स्वयंपाकघर यांच्यासारख्या विजोड वस्तू शोधून सापडणार नाहीत. एकाला शिखर, दुसऱ्याला धुराडे. एकावर झाडी, दुसऱ्यात भांडी. असे असूनही हा दृष्टांत अढळ आहे, कारण धूर व अग्नी यांच्यातील नियत साहचर्य, ज्याला व्याप्ती म्हणतात, ते स्वयंपाकघरात आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि पर्वताच्या बाबतीत आपल्याला तेवढेच हवे आहे. उलट हिमाचा डोंगर आणि पिठीसाखरेचा ढीग दिसण्यात कितीही सारखे असले, तरी एकाच्या गोडीवरून दुसऱ्याच्या गोडीचा निर्णय होत नाही. म्हणून कोणी साम्य दाखवले, की त्याच्यापाशी किंवा स्वतःपाशी पहिला प्रश्न हा करावा: जे जुळते आहे, त्याच्यामुळेच निष्कर्षात म्हटलेली गोष्ट घडते काय? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहून काढता आले नाही, तर तो दृष्टांत भाषणास शोभा म्हणून ठेवावा, प्रमाण म्हणून पुढे करू नये.

हे वाक्य लिहून काढता आले तरीही एक धोका शिल्लक राहतोच, आणि त्यासाठी आपल्या शास्त्रकारांनी ‘उपाधी’ हा फार कामाचा विचार ठेवून दिला आहे. धूर असेल तेथे अग्नी असतो हे खरे. परंतु अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धुराचा मागमूस नाही. धूर होतो तो ओल्या सरपणामुळे, आणि अशी आड राहिलेली अट म्हणजेच उपाधी. स्वयंपाकघरात अग्नी आणि धूर ही दोन्ही रोज एकत्र दिसत असल्यामुळे ओल्या सरपणाकडे आपले लक्षच जात नाही. तेथे घडले म्हणून येथेही घडेल, असे जेव्हा जेव्हा सांगितले जाते तेव्हा तेव्हा हे ओले सरपण शोधावे.

महाराष्ट्रापुरता याचा एक दाखला देण्यासारखा आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास चालू झाला व यशस्वी झाला. त्यानंतर, शेतकऱ्यांनी भाग घेऊन भांडवल जमवले, सरकारने हात दिला, पुढारी खंबीर निघाला, की आमच्याही तालुक्यात प्रवरा होईल, असा युक्तिवाद गावोगावच्या सभांतून होऊ लागला. यात जुळणाऱ्या बाबी पुष्कळ होत्या आणि त्या खोट्याही नव्हत्या. परंतु प्रवरेच्या खोऱ्यात भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी कालव्यांतून कारखान्याच्या पुष्कळ आधीपासून खेळत होते आणि ऊस त्या पाण्यावर उभा होता, ही गोष्ट नित्याची झाल्यामुळे यशाच्या कारणांत तिची नोंद करण्याचे अनेकांच्या लक्षात राहिले नाही. पुढे जेथे पाण्याचा पुरवठा बेताचा होता अशा तालुक्यांतही कारखाने उभारले गेले, आणि त्यांपैकी कित्येकांना अवर्षणाच्या साली गाळपास पुरेसा ऊस मिळवताना काय यातायात करावी लागते, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. सहकाराच्या तत्त्वात येथे उणे काढावयाचे नाही. दृष्टांत देणाऱ्याने सरपण पाहिले नाही, इतकेच म्हणावयाचे आहे.

आता साम्य कसे वापरावे याचा एक नमुना पाहू, कारण नुसत्या दोषदिग्दर्शनाने कोणाचा हात बसत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरचे मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन हे विजेचे प्रयोग करीत असता, काचेच्या नळ्या घासून उत्पन्न होणारी ठिणगी आणि आकाशातील वीज या दोन वस्तू मुळात एकच असाव्यात, अशी शंका त्यांच्या मनात आली. ही शंका दुसऱ्या कोणास आली नव्हती असे नाही. परंतु फ्रँकलिन यांनी १७४९ च्या नोव्हेंबरात आपल्या टिपणांत जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी जुळणाऱ्या बाबींची सरळ यादी केली: दोहोंतून प्रकाश निघतो, त्या प्रकाशाचा रंग सारखा, दोहोंची गती वेडीवाकडी व अतिशय शीघ्र, दोन्ही धातूंतून वाहतात, दोहोंचा कडकडाट होतो, दोन्ही पाण्यातून किंवा बर्फातून जाऊ शकतात, वाटेतील पदार्थ फोडतात, प्राणी मारतात, धातू वितळवतात, पेट घेणारे पदार्थ पेटवतात, आणि दोहोंच्या मागे गंधकासारखा वास राहतो. बारा बाबी झाल्या. येथे एखाद्या वक्त्याने टाळ्या घेऊन खाली बसणे पसंत केले असते. फ्रँकलिन यांनी तेराव्या बाबीकडे बोट दाखवले. ठिणगीची वीज टोकदार धातूकडे ओढली जाते हे आपल्याला ठाऊक आहे, आकाशातील वीज तशी ओढली जाते की नाही हे ठाऊक नाही. बारांत जुळले तर तेराव्यातही जुळणे संभवनीय आहे. तेव्हा प्रयोग करून पाहावा, असा त्या टिपणाचा शेवट आहे.

तो प्रयोग त्यांच्या सूचनेबरहुकूम पॅरिसजवळच्या मार्ली येथे १० मे १७५२ रोजी झाला, उंच उभारलेल्या लोखंडी सळईतून वादळाच्या वेळी ठिणग्या निघाल्या, आणि घरांवर विद्युत्वाहक बसवण्याचा शिरस्ता त्यातून जगभर सुरू झाला. (पुढल्याच साली सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ अशाच सळईजवळ उभे असता वीज अंगावर येऊन गतप्राण झाले, यादीतील प्राणी मारण्याचे कलमही त्यामुळे निराळ्या पुराव्याची अपेक्षा करीत राहिले नाही.) या प्रसंगातून वाचकांनी घ्यावयाचा तो परिपाठ असा की, कागदाचे दोन भाग करावेत, डावीकडे जे जुळल्याचे आपल्याला ठाऊक आहे ते लिहावे आणि उजवीकडे जे जुळले पाहिजे, पण अद्याप कोणी पाहिलेले नाही, ते लिहावे. उजवा भाग कोरा राहिला, तर आपला दृष्टांत काहीच सांगत नाही असे समजावे. आणि तो भरलेला असेल, तर त्यातील जी बाब पडताळण्यास सर्वांत स्वस्त व निकालास सर्वांत निर्णायक असेल ती आधी पडताळावी. शेजारच्या गावची नळयोजना आपल्या गावात आणू पाहणाऱ्या मंडळींनी ठराव करण्यापूर्वी एक उन्हाळा आपल्या विहिरीची पातळी मोजून ठेवली, तर ते फ्रँकलिन यांच्याच मार्गाने गेले असे म्हणता येईल.

एकदा यश देऊन गेलेले साम्य दुसऱ्यांदा अधिक सावधपणे वापरले पाहिजे, ही गोष्ट मात्र मोठमोठ्यांना साधली नाही. युरेनस ग्रहाची गती गणिताशी जुळेना, तेव्हा त्याच्या पलीकडे एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढीत असावा असे मानून फ्रेंच गणिती ल व्हेरिये यांनी त्या ग्रहाचे स्थान कागदावर काढले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना त्या स्थानापासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मानवी बुद्धीचा याहून देदीप्यमान विजय क्वचितच झाला असेल. पुढे बुधाच्या कक्षेतही थोडी तफावत आढळून आली, आणि ल व्हेरिये यांनी साहजिकच १८५९ मध्ये तोच मार्ग धरला: बुधाच्या आत, सूर्यालगत, एखादा अज्ञात ग्रह असला पाहिजे. त्याचे व्हल्कन हे नावही ठरले, एका ग्रामीण डॉक्टराने तो सूर्यबिंबावरून जाताना पाहिल्याचे कळवले, आणि दुर्बिणी वर्षानुवर्षे त्याच्या शोधात फिरत राहिल्या. ल व्हेरिये १८७७ मध्ये निवर्तले ते व्हल्कनवर विश्वास ठेवूनच. प्रत्यक्षात तेथे ग्रह नव्हताच. शतकास सुमारे ४३ विकलांची ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्वाकर्षणसिद्धांताने उलगडली. युरेनसच्या वेळी नियम बरोबर होता आणि यादीत एक ग्रह कमी होता. बुधाच्या वेळी यादी पुरी होती आणि नियमच अपुरा होता. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही प्रकरणांत एकच चिन्ह दिसत होते. ल व्हेरिये यांना दोष देण्याची आपली प्राज्ञा नाही. पण ज्या युक्तीने आपल्याला कीर्ती मिळवून दिली तिच्याविषयी माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही, असे दिसते, आणि म्हणून अशा वेळी पडताळणीचे काम दुसऱ्याच्या हाती द्यावे हे बरे.

भाषेच्या प्रांतात साम्याचा कारभार याहून सौम्य असतो. दोन-तीन वर्षांचे मूल ‘मी करलं’ असे म्हणते, तेव्हा ते कोणाचे अनुकरण करीत नसते, कारण घरात तसे कोणी बोलतच नाही; ‘भर’चे ‘भरलं’, ‘धर’चे ‘धरलं’, तेव्हा ‘कर’चे ‘करलं’, असे त्रैराशिक त्याने आपल्या मनाशी मांडलेले असते व ते बिनचूक मांडलेले असते. ‘केलं’, ‘गेलं’, ‘आलं’, ‘दिलं’ ही वाकडी रूपे टिकून आहेत ती रोज शेकडो वेळा कानांवर पडतात म्हणून; क्वचित वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांना असा अपवाद जतन करणे परवडत नाही आणि ती हळूहळू सरळ वळणावर येतात. आईवडिलांनी अशा वेळी मुलाला हसू नये, दटावू तर मुळीच नये. ‘हो, तू केलंस’ असे म्हणून योग्य रूप सहज त्याच्या कानी घालावे.

साम्य आणि भेद या दोहोंना सारखा मान देणारी जर कोणती संस्था असेल, तर ती न्यायालय. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात एका गिरणीमालकाने पाण्याच्या साठ्यासाठी तलाव बांधवला, त्याच्या तळाखाली असलेल्या जुन्या खाणींच्या मार्गांतून ते पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले आणि खाणमालकाने फिर्याद लावली. गिरणीमालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा शाबीत होत नव्हता. १८६६ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी हे प्रकरण ओळखीच्या तंट्यांशेजारी ठेवून पाहिले: शेजाऱ्याची सुटलेली गुरे पीक खातात, शेजाऱ्याच्या शौचकूपातील घाण तळघरात झिरपते, क्षारांच्या कारखान्यातील विषारी वाफा घरात येतात, या सर्वांत समान काय, तर आपल्या जमिनीवर एकाने अशी वस्तू आणून ठेवली की जी सुटली तर उपद्रव करील. अशा वस्तूची जोखीम ती आणणाऱ्याने सोसली पाहिजे, हे तत्त्व त्यातून निघाले आणि १८६८ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने ते कायम केले. गाय, घाण, वाफ आणि पाणी यांच्यात डोळ्यांना दिसणारे साम्य शून्य आहे, पण निवाड्यास आवश्यक तेवढे पुरेपूर आहे.

हेच तत्त्व पुढे आपल्या देशात आले. दिल्लीतील एका कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियमची वायुगळती झाली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने, सरन्यायाधीश भगवती अध्यक्षस्थानी असता, वर्षभराने असा निर्णय दिला की, एकोणिसाव्या शतकातील त्या इंग्रजी नियमास जे अपवाद मान्य होते ते आजच्या धोकादायक उद्योगांना लागू करता येणार नाहीत. अशा उद्योगाची जबाबदारी निरपवाद आहे. दाखला जुळतो हे मान्य करून तो जेथे जुळत नाही तेथे थांबण्याची ही रीत सभासंमेलनांतील वादपटूंनी उचलण्यासारखी आहे. ‘तुमचा दाखला मला मान्य आहे, फक्त अमुक बाबतीत परिस्थिती वेगळी आहे आणि ती बाब निर्णयास महत्त्वाची आहे ती अशी’, इतके बोलण्याने जे साधते ते ‘तुमची तुलनाच हास्यास्पद आहे’ या उद्गाराने साधत नाही.

मराठीतील वैचारिक वाङ्मयात या रीतीचा सर्वांत थोर नमुना, प्रस्तुत लेखकाच्या मते, दोन पुरुषांच्या लेखनात विभागलेला आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील ज्या सदाचरणी लोकांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी स्वार्थत्याग केला त्यांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना मुक्त करावे, अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली आहे. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. ज्या वाचकाला आपल्या गावगाड्यातील व्यवस्था सूर्योदयाइतकी स्वाभाविक वाटत होती, त्याच्यासमोर जोतीरावांनी सातासमुद्रापलीकडची एक व्यवस्था ठेवली, तिला ज्या शब्दाने सारे जग ओळखत होते तो शब्द येथे लावला, आणि जी गोष्ट तेथे माणसांनी निर्माण केली व माणसांनी मोडली ती येथेही माणसांनीच निर्माण केली असली पाहिजे, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा केला. हे साम्याचे पहिले काम: ज्याकडे सवयीने पाठ फिरवली जाते त्याकडे तोंड वळवणे. एवढ्या कामासाठी दोन व्यवस्था प्रत्येक तपशिलात जुळण्याची गरज नव्हती.

ती तपशिलाची तपासणी डॉक्टर आंबेडकरांनी केली. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि हे साम्य त्यांना किती जवळचे वाटे हे १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रावरून कळते. दोन्ही समाजांच्या स्थितीत इतके साम्य आहे की एकाचा अभ्यास दुसऱ्याला आवश्यकच ठरतो, असा त्या पत्राचा आशय आहे. परंतु त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखनात गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची जी तुलना आहे, तीत ते साम्यावर थांबत नाहीत. गुलाम ही धन्याची मालमत्ता असल्यामुळे त्याला जगवण्यात धन्याचा स्वार्थ होता, अस्पृश्याच्या पोटापाण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती; रोमन साम्राज्यात गुलामांना शिक्षक, वैद्य, लेखनिक म्हणून तयार केले जाई, अस्पृश्यास विद्येचे द्वारच बंद होते; गुलामास मुक्तता देण्याची तजवीज कायद्यात होती, अस्पृश्यतेतून बाहेर पडण्याचा दरवाजा नव्हता; आणि गुलामगिरी उघड असल्यामुळे ती गुलामास कळत होती, अस्पृश्यता अप्रत्यक्ष असल्यामुळे ज्याच्यावर ती लादली त्यालाही तिची पुरती जाणीव होऊ देत नव्हती. हे भेद सांगून त्यांनी जोतीरावांचा दृष्टांत खोडून काढला, असे कोणी समजेल तर तो मोठा प्रमाद होईल. साम्य हाती होते म्हणूनच भेद मोजता आले. आणि गुलामगिरी एका घटनादुरुस्तीने संपवता आली तशी अस्पृश्यता केवळ कायद्याने का संपणार नाही, याचे उत्तर त्या भेदांतच होते. आपल्या आवडत्या दृष्टांताचे भेद लिहून काढण्यास जो भितो त्याने हे लेखन वाचावे.

प्रतिपक्षाने दृष्टांत दिला असता काय करावे, याविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. एक उपाय प्रतिदृष्टांत देण्याचा. तो सोपा आहे, सभेला आवडतो आणि बहुधा निरुपयोगी असतो, कारण त्यामुळे मूळ प्रश्न बाजूस राहून दोन चित्रांची कुस्ती लागते. दुसरा उपाय अधिक फलदायी: त्याचाच दृष्टांत पत्करावा आणि दोन पावले पुढे चालवून पाहावा. इ. स. पू. ४९४ मध्ये रोमचे सामान्य जन कर्जाच्या जाचाला त्रासून शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले, तेव्हा मेनेनियस अग्रिपा याने त्यांना हातापायांनी पोटाविरुद्ध केलेल्या बंडाची गोष्ट सांगून परत आणले, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. पोट बसून खाते असे दिसते, पण तेच सर्व शरीराला पोसते, हे तिचे तात्पर्य. टेकडीवरच्या कोणी विचारावयास हवे होते की, शरीरातले पोट हातांना कर्ज देते काय, आणि व्याज थकले तर हाताला बेड्या घालते काय? वस्तुतः लिव्हीच्याच वृत्तांतानुसार ते लोक परतले ते आपल्या संरक्षणासाठी ट्रिब्यून हे स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे कबूल करवून घेतल्यावर. कथेचा महिमा मात्र शाळेच्या पुस्तकांत उरला. सरकारी अंदाजपत्रक हे घरच्या जमाखर्चासारखे असते, हाही असाच एक सुपरिचित दृष्टांत. तो पुढे चालवून विचारावे की, घरातला कर्ता पुरुष चलनी नोटा काढू शकतो काय, आणि त्याने खर्च कमी केल्याने त्याचीच मिळकत कमी होते काय? उधळपट्टी वाईट हे दोन्हीकडे खरे आहे, परंतु तेवढे सांगण्यास दृष्टांताची गरज नव्हती.

राहता राहिले शिक्षक. त्यांना दृष्टांताशिवाय एक तासही काढता येणार नाही, व तसा आग्रह कोणी धरूही नये. त्यांनी महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ पाहावा. श्रीचक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत केशिराजबास यांनी त्यात एकत्र केले आहेत, आणि त्याची मांडणी त्रिविध आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे या गोष्टीतले काय सूत्रातल्या कशाला लागू करावयाचे याचा खुलासा. सातशे वर्षांपूर्वीच्या गुरूंनी गोष्ट सांगून शिष्याला वाऱ्यावर सोडले नाही. आजच्या वर्गात बहुधा दार्ष्टांतिक गळते. अणू सूर्यमालेसारखा असतो हे प्रत्येक विद्यार्थी सांगतो. जपानी शास्त्रज्ञ नागाओका यांनी १९०४ मध्ये शनी व त्याची कडी यांचे साम्य सुचवले, रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणूच्या मध्यभागी सूक्ष्म व जड केंद्रक असल्याचे प्रतिपादन केले, आणि सूर्यमालेचे चित्र तेव्हापासून क्रमिक पुस्तकांत ठाण मांडून बसले. पण विद्युत्भारित कण घिरट्या घालू लागला तर त्याने ऊर्जा उत्सर्जित करीत क्षणार्धात केंद्रकावर कोसळावे, ही अडचण रदरफर्ड यांच्या काळातच ठाऊक होती आणि तीतूनच १९१३ मध्ये बोर यांचा सिद्धांत निघाला, हे त्या चित्राखाली छापलेले नसते. फळ्यावर सूर्यमाला काढणाऱ्या शिक्षकाने त्याच तासाला चित्राशेजारी हेही लिहावे की, ग्रह एकमेकांना आकर्षून घेतात, इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. ग्रह सूर्यापासून कोणत्याही अंतरावर फिरू शकतो, इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्याच मोकळ्या असतात. आणि ग्रहाची वाट रेघेने दाखवता येते, इलेक्ट्रॉनची येत नाही. मग फळा पुसण्यापूर्वी, चौथा भेद उद्या शोधून आणा, असे वर्गाला सांगावे.